चाळीला लोकर गुंडाळू नका, आधी कांद्याला हवा द्या

भाऊ हो, एप्रिल संपत आलाय, ऊन 43-44 च्या घरात, आणि साक्री, पारोळा, चाळीसगावकडे कांदा साठवायच्या चाळी भरायला लागल्यात. दरवर्षी कांदा सडतो त्याचं एक मोठं कारण, पार पत्र्याला टेकेपर्यंत रचतात न वरून बाजू बंद करतात.

त्यात आता दुकानदार ग्लासवूल, रॉकवूलचे (उष्णता अडवणाऱ्या लोकरीचे) रोल दाखवतोय, म्हणे चाळ एसीसारखी होईल. रॉकवूल म्हणजे बेसाल्ट, आपल्या विहिरीतून निघतो तोच काळा खडक वितळवून ओढलेले धागे. माल खोटा नाही, पण उष्णता अडवते ती धाग्यांत अडकलेली हवा, एकदा ओला झाला का काम संपलं. आणि तो बाहेरची गरमी अडवतो तशी आतलीही अडवतो, हे कोणी सांगत नाही! कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, गरमी न वाफ सोडतो. बाजूला रोल ठोकला, थर्माकोल लावला, ताडपत्री बांधली, वाफ आतच कोंडली. मग काजळी (काळी बुरशी) धरणार, वास सुटणार. थर्माकोलमध्ये उंदीर घर करतात ते वेगळंच.

बाजू मोकळ्या, तळाला दीड-दोन फूट जागा, कांद्याचा थर 5 फुटांच्या वर नाही, वर पत्र्याखाली नुसता हात फिरेल एवढी नको, माणूस वाकून जाईल एवढी पोकळी.

अडवायचं ते वरचं ऊन, फक्त वरचं. पत्र्यावर दादरचा (ज्वारीचा) कडबा, उसाचं पाचट नाहीतर केळीची वाळकी पानं अर्धा फूट पसरा, जाळीने न दोरीने आवळा, मे अखेरच्या वादळात उडतं. विजेची वायर जवळून जात असेल तर हे नकोच, पत्र्याला चुना मारा. दुपारी तीनला आतून पत्र्याला हात लावून बघा, टेकवत नसेल तर अजून थर कमी आहे, हे माझं आपलं मोजमाप. रोल आधीच घेतलाय? फॉइलवाली बाजू खाली ठेवून, सांधे नीट चिकटवून पत्र्याखालीच लावा, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्या, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

बाकीचं: काढणीआधी 10-15 दिवस पाणी बंद, शेतात 3-5 दिवस पातीसकट सुकवणी, मान 2-3 सेंमी ठेवून कापणी, सावलीत 10-12 दिवस, जोडकांदे न डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) बाजूला.

जूनमध्ये पाऊस आला का तेवढ्यापुरती बाजूची ताडपत्री खाली सोडा, थांबला की त्याच तासाला गुंडाळून वर घ्या, सकाळपर्यंत नको.