वीटभट्टी बघायला आणि मालकाच्या पंगतीला

पुणे जिल्ह्यात हवेली, मुळशी किंवा दौंडच्या बाजूला जायचं तर दिवाळीनंतर, मे संपायच्या आत. पाऊस कच्ची वीट विरघळवतो, त्यामुळे पावसाळ्यात भट्टी बंदच. आदल्या दिवशी मालकाला फोन करून जेवायला किती जण ते सांगा. ऐन वेळी भाकऱ्या वाढवणं सोपं नसतं. थापणी, म्हणजे साच्यात कच्च्या विटा पाडणं, पहाटे सुरू होते, म्हणून सातच्या आत पोहोचा. बंद बूट आणि सुती कपडे घाला. धूर येतो त्या बाजूला उभं राहू नका. पेटत्या भट्टीवर तर मुळीच चढू नका, आतला थर खचू शकतो.

वीट पारखायची तर दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर पक्की. बद्द वाजली तर कमी भाजलेली किंवा तडकलेली. २४ तास पाण्यात ठेवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली तर नकोच.

जेवण बहुधा पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. हात कोपरापर्यंत धुवा, राख चिकटलेली असते. भावाची घासाघीस ताटावर नको. कामगारांचे फोटो त्यांना विचारूनच काढा. मालकाची परवानगी पुरत नाही.