लिंकमध्ये काउंट करताय? या चुका टाळा, नाहीतर पेट्या वाढतील

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिंक (LINQ, कोडमधूनच डेटा शोधायची-मोजायची सोय) २००७ ला आलं, म्हणजे लपवाछपवीचं काहीच नाही, तरी दर सीझनला कोणीतरी पोरगा फोन करतो की दादा काउंट चुकीचा येतोय. काउंट बरोबरच असतो रे, तू कधी मोजलंस ते बघ.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे क्वेरी, म्हणजे डेटा शोधायची सूचना, लिहिली की ती चालली असं समजणं. वेअर (गाळायची अट) लावून व्हेरिएबलमध्ये ठेवलंत तर त्यात पेट्या, म्हणजे डेटाच्या ओळी, नसतात, पेट्या कशा शोधायच्या एवढंच असतं. काउंट केलात की ती चालते, खाली फॉरईच (एकेक ओळ घेणारा लूप) लावलात की पुन्हा पहिल्यापासून चालते.

हे मी देवगडला शिकलो. एका बागायतदाराला आंब्याच्या पेट्यांचं सॉफ्टवेअर करून दिलेलं. एप्रिलअखेर, रात्रीचा टेम्पो वाशीला सुटायचा. स्क्रीनवर एकूण पेट्या ११२ दाखवून 'चलान छापू का' असं विचारायचं, आणि मालक चहा संपवून मग हो दाबायचे. तेवढ्यात शेडमधल्या पोरांनी अजून सहा पेट्या स्कॅन केल्या. चलानावर वर एकूण ११२, खाली यादीत ११८ ओळी! मालक म्हणाले, "वरच्यो सा पेट्यो खयसून इल्यो रे?" मग भरलेला टेम्पो उतरवून टॉर्चच्या उजेडात मोजणी, ड्रायव्हरच्या शिव्या वेगळ्या. चूक माझीच होती. तेव्हापासून आकडा आणि ओळी दोन्ही लागणार असतील तर मी एकदाच टू-लिस्ट करतो (क्वेरी तिथेच चालवून ओळी यादीत साठवतो), आणि पुढे आकडाही त्याच लिस्टचा, छपाईही त्याच लिस्टची. उशिरा आलेल्या पेट्या पुढच्या चलानात.

आता हे वाचून घाईवाले सगळीकडेच टू-लिस्ट लावतील, ती दुसरी चूक. नुसता आकडा हवा असेल तर सरळ क्वेरीवर काउंट करा, डेटाबेस स्वतः मोजतो आणि एकच आकडा पाठवतो. आधी टू-लिस्ट केलंत तर सगळ्या ओळी मेमरीत ओढून मग मोजता, आणि पावसात आमच्याकडे नेट कसं चालतं ते सांगायला नको.

बाकीचं पटकन. काही आहे का एवढंच बघायचं तर काउंट शून्यापेक्षा मोठा का विचारू नका, एनी वापरा, ते पहिली पेटी मिळाली की थांबतं. ग्रुपबायनंतर, म्हणजे ओळींचे गट पाडल्यावर, काउंट मारलात तर गट मोजले जातात, पेट्या नाही. लिस्टला कंसाशिवायचा काउंट असतो, ॲरेला लेंथ, यावर भांडू नका. काउंट इंट (मर्यादा असलेला पूर्णांक) देतो, २१४ कोटींच्या वर जाणार असाल तर लाँगकाउंट, पण तेवढा हापूस धरू दे आधी.

आणि मला फोन करायच्या आधी एंटिटी फ्रेमवर्कचं (सी शार्पमधून डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) लॉगिंग चालू करून कन्सोलवर किती सिलेक्ट, म्हणजे डेटाबेसला गेलेल्या क्वेऱ्या, पडतायत ते मोजा. एका चलानाला दोन पडले तर चूक पहिलीच आहे.