हे कुठून घेतलं?

इतिहासाच्या प्रोजेक्टवर सरांनी एवढाच शेरा मारला, आणि मला खरंच आठवेना. बरंचसं विकिपीडियावरचं होतं, मग एकेका तळटीपेवर क्लिक करत मूळ पुस्तकं शोधत बसलो, इंटरनेट आर्काइव्हवर जुनी स्कॅन केलेली बरीच मिळाली, आत सर्चही होतं, पण पीडीएफचा पान नंबर आणि छापलेला पान नंबर वेगळा असतो हे उशिरा कळलं आणि संदर्भांची अर्धी यादी परत केली, डोक्याला ताप नुसता. दोन अवतरणं तर मूळ पुस्तकात नव्हतीच! उडवली. आता झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद आधी, वाक्य नंतर. वेबपेज असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपेजची प्रत जपून ठेवणारी साइट) सेव्ह करतो, पाहिल्याची तारीखही टाकतो. जुनं पत्र दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर सरळ 'अमुक पुस्तकात उद्धृत' लिहितो.