कार्टून मालिका भारी की फालतू, हे नीट कसं ठरवायचं

"स्लो आहे यार", "लहान पोट्ट्यांचं आहे, त्यात काय एवढं", नाहीतर "आमच्या टायमाची कार्टूनं बघा, आता काय राहिलं". कोणालाही विचारा, या तिनाच्या बाहेर चौथं मत निघत नाही. वरून सल्ले वेगळेच, रेटिंग बघा, पोट्टे हसले म्हणजे चांगलं, पहिला भाग आवडला नाही तर सोडून द्या. ऐकून ऐकून डोकं उठलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी वडसा-ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातला माणूस, घरात भाचे-पुतणे अन् त्यांचे दोस्त यांची टीव्हीपुढे कायम गर्दी, त्यात मलाही कार्टूनचा नाद, त्यामुळे हा उद्योग माझा नेहमीचाच आहे.

१. भाग कोणते बघायचे

मधले तीन-चार. पहिल्या भागात सगळी ओळखपाळखच चालते, त्यावरून काही कळत नाही. पुढे.

२. मालिका कोणत्या प्रकारची ते आधी बघा

एका प्रकारात भाग संपला की सगळं जागच्या जागी येतं. 'डोरेमॉन', 'छोटा भीम', 'मोटू पतलू' या सगळ्या तशा. दुसऱ्यात गोष्ट भागाभागाने पुढे जाते, जसं 'अवतार: द लास्ट एअरबेंडर', २००५ ते २००८, तीन सीझन, एकूण ६१ भाग. आता 'डोरेमॉन'मधला आळशी पोरगा नोबिता इतक्या वर्षांत सुधरला काऊन नाही म्हणून चिडणारे लोक मला भेटतात, अरे बावा तो सुधरला तर दुसऱ्या दिवशी त्याला अडचणीतून काढणाऱ्या रोबोट मांजराने, डोरेमॉनने, काय करायचं? त्या मालिकेचा करारच तसा आहे. आणि दुसऱ्या प्रकारातल्या मालिकेचा टीव्हीवर मधूनच लागलेला एक भाग बघून मत देणारा दिसला की मी सरळ विषय बदलतो. ती क्रमानेच बघायची.

३. गती: खरी मारामारी इथेच आहे

इथे मलाही लय दिवस अडलं होतं, कारण स्लो वाटणं अन् स्लो असणं यातला फरक कोणी धड सांगतच नाही. लोकांच्या डोक्यात गती म्हणजे पळापळ. पात्रं धावताहेत, ढोल वाजतोय, कोणी धपकन पडलं, म्हणजे फास्ट. दोघं जण झाडाखाली बसले म्हणजे स्लो. हे साफ चुकीचं आहे.

आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या भागाच्या, नाटकाला बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे बरोबर कळतं. धान निघालं, गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, झाला की रात्री नाटक, ते पार पहाटेपर्यंत चालतं. एवढं लांब असून लोक हलत नाहीत, पण एखादा प्रवेश नुसताच ताणला की मंडपातून माणसं चहाला अन् खर्र्याला (सुपारी-तंबाखूला) उठायला लागतात. स्टेजवर तेव्हा भांडणच चालू असतं बरं का, आवाज टिपेला गेलेला असतो. तरी उठतात. कारण त्यांना कळलेलं असतं की या भांडणाने आता पुढे काही होणार नाही, दोघांना जे बोलायचं ते आधीच बोलून झालं आहे.

तर कार्टून बघताना करायचं एवढंच. कागद-पेन घ्या, आणि दर वेळी काही बदललं की एक ओळ लिहा, आधी असं होतं आता असं झालं. कोणाला काही कळलं, कोणी खोटं बोललं, कोणी कोणावरचा विश्वास सोडला, कोणी ठरवलेलं मोडलं. धावला, पडला, उडाला, आपटला हे लिहायचं नाही. भाग संपल्यावर ओळी बघा. अकरा मिनिटांच्या भागात पाच-सहा ओळी निघाल्या तर गती मस्त आहे, मग त्यात कोणी धावलेलं असो नसो. एकच निघाली अन् बाकी सगळी धावपळ, तर तो भाग स्लो आहे, तुमच्या पोट्ट्यांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी.

उदाहरण देतो, ज्यांनी 'अवतार' बघायची बाकी ठेवली आहे त्यांनी हे दोन परिच्छेद सोडून थेट 'म्हणून पहिली परीक्षा' इथे जा, चौथ्या पायरीतला झुकोचा परिच्छेदही सोडा, नंतर बोंबलायचं नाही. पहिल्या सीझनमध्ये 'द ग्रेट डिव्हाइड' नावाचा भाग आहे. दोन टोळ्यांचं पिढीजात भांडण, दोघींना एका मोठ्या दरीतून पार न्यायचं, दरीत खायला उठलेले प्राणी. कागदावर बघाल तर हाणामारी, धोका, सुटका सगळं आहे. पण चाहत्यांना विचारा, नावडत्या भागांत हा पहिल्या फटक्यात येतो. कारण हा भाग अख्खा काढून फेकला तरी पुढे कोणाचंच काही अडत नाही. बनवणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं, तिसऱ्या सीझनमध्ये पात्रं स्वतःवरचं नाटक बघायला जातात तेव्हा त्या नाटकात ही दरी लागते अन् तिथली मंडळी म्हणतात चला, उडत पुढेच जाऊ. मला त्या ठिकाणी जाम हसू येतं.

आता दुसऱ्या सीझनमधला 'द टेल्स ऑफ बा सिंग से' घ्या. छोट्या छोट्या गोष्टी, मुख्य कथा जवळपास थांबलेली, आणि त्यात आयरो या म्हाताऱ्या काकाची काही मिनिटांची गोष्ट. तो बाजारात जातो, टोपली घेतो. रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो. चेंडूने खिडकी फोडलेल्या पोरांना उपदेश करायला जातो अन् मालकाचा अवतार बघून त्यांनाच पळा म्हणतो. लुटायला आलेल्या चोराला उलट नीट उभं कसं राहायचं ते शिकवतो. मग टेकडीवर झाडाखाली बसून टोपली उघडतो, आणि तेव्हा आपल्याला कळतं की आज त्याच्या युद्धात मेलेल्या मुलाचा वाढदिवस आहे. तेच गाणं तो पुन्हा म्हणतो, या वेळी गळा दाटतो. आता मागे फिरून बघा, दिवसभर तो ज्याला ज्याला मदत करत होता ते सगळे कोणाचे तरी मुलगेच होते. बाजारातला एकही प्रसंग काढता येत नाही, काढला की टेकडी अर्धी होते. पळापळ शून्य, गती जबरदस्त. आयरोला आवाज देणारे माको २००६ मध्ये वारले, ती गोष्ट त्यांनाच अर्पण केली आहे.

म्हणून पहिली परीक्षा ही, मधला प्रसंग काढा अन् शेवट तसाच राहतो का बघा. राहत असेल तर तो प्रसंग भरती आहे. पोट्ट्यांवर करून बघायला सोपी आहे, दुसऱ्या दिवशी विचारा काल काय झालं सांग. माझी एक भाची गोष्ट सांगताना मधले पाठलाग सगळे गाळते, एकदम "अन् मग त्याला समजलं ना" इथे येते. पोरं पाठलाग डोळे फाडून बघतात पण दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवत नाहीत. त्यामुळे बघताना पोरगं हललं की नाही यावरून निकाल देऊ नका, तो सल्ला देणाऱ्याने पोरांसोबत बसून कधी बघितलेलं नसतं.

आणि एक कडक सूचना. पडद्यावर सगळं थांबलं म्हणजे ते मुद्दाम थांबवलं असंच नसतं, पुष्कळदा पैसे वाचवलेले असतात. पिक्चरला सेकंदाला २४ फ्रेम लागतात, तेवढी चित्रं टीव्हीसाठी दर आठवड्याला काढणं परवडत नाही. जपानमध्ये चित्रकथाकार ओसामू तेझुकांच्या 'अॅस्ट्रो बॉय' मालिकेने १९६३ पासून हे दाखवून दिलं की कमी चित्रांत, चेहरा स्थिर ठेवून नुसतं तोंड हलवूनही आठवड्याला अर्ध्या तासाची मालिका चालवता येते. ही युक्ती आज जगभर चालते. आपल्याकडच्या कॉम्प्युटरवरच्या कार्टूनमध्ये उलटी गंमत असते, धावण्याची हालचाल एकदा बनवली की तीच पुन्हा पुन्हा चालवायची आणि मागचं चित्र सरकवत राहायचं, म्हणून पाठलाग स्वस्तात पडतो अन् मिनिटं भरतात. मागे तेच झाड तिसऱ्यांदा गेलं की समजून घ्या. तर थांबा खरा की खर्चातला, हे ओळखायला एकच प्रश्न विचारा, एवढ्या वेळात मला या पात्राबद्दल नवीन काही कळलं का? कळलं तर बजेट कमी असू दे नाहीतर काही असू दे, प्रसंग पास. नाही कळलं तर सुंदर सूर्यास्त दाखवला तरी नापास.

जाहिरातीनंतर तेच वाक्य पुन्हा येतं त्याचे मार्क मात्र कापू नका. ते मधूनच चॅनल लावणाऱ्यासाठी असतं.

४. पात्रं तोलायची

किती पात्रं आहेत याला काही अर्थ नाही. संवाद अदलाबदल करून बघा. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं अन् कोणाला फरक पडला नाही, तर ती दोन पात्रं नाहीत, एकाच पात्राचे दोन शर्ट आहेत. 'छोटा भीम'मधले ढोलू-भोलू मला असेच वाटतात, भीमाशी स्पर्धा करणाऱ्या कालियाच्या मागे एक असता तरी भागलं असतं, पण कालिया स्वतः पक्का आहे, हावरा, फुशारक्या मारणारा, संकट आलं की मागे सरकणारा.

'डोरेमॉन'ची गॅंग याबाबतीत एक नंबर. डोरेमॉनच्या खिशातून एकच वस्तू निघते. नोबिताला तिच्यात अभ्यास टाळायची सोय दिसते, दांडगट जियान ती हिसकावतो, सुनियो जियानच्या बाजूने बोलता बोलता आपला फायदा काढतो, शिजुकाचा भलत्याच वेळी घोळ होतो. वस्तू रोज बदलते, माणसं तीच, आणि गोष्ट वस्तूतून नाही तर माणसांच्या स्वभावातून निघते. ही मूळ चित्रकथा १९६९ ची आहे, फुजिको एफ. फुजिओंची, आणि आजही आमच्या अंगणातली पोरं एकमेकांना जियान म्हणून हाका मारतात.

मुख्य हिरोसाठी वेगळं बघायचं. भीम लाडू खाणार अन् जिंकणार, २००८ पासून सगळ्यांना माहीत आहे, त्यात तक्रार कसली. लाडू खाण्याच्या आधी त्याने स्वतः काही ठरवलं का, ते बघा. ज्या भागात तो आधी चुकीच्या माणसावर विश्वास ठेवतो किंवा दोस्ताला दिलेला शब्द अडचणीत आणतो तो भाग चांगला, ज्यात नुसती लाडूची वाट बघितली जाते तो टाईमपास.

व्हिलन सुधारतो अशा मालिकांत तर जास्त कडक राहा. एका रडण्यावर सुधारणारे व्हिलन ढिगाने आहेत. 'अवतार'मधला झुको, हिरोच्या मागे लागलेला राजपुत्र, दुसऱ्या सीझनच्या शेवटी, सुधरायची पूर्ण संधी समोर असताना, दुष्ट बहिणीच्या बाजूने जातो. तो राग आपण तिसऱ्या सीझनपर्यंत डोक्यात घेऊन बसतो, म्हणून मग तो खरंच वळतो तेव्हा पटतं. वळण्याआधी त्याने काही गमावलं का, कोणी त्याच्यावर लगेच विश्वास टाकला का, हे विचारा. सगळ्यांनी पाच मिनिटांत मिठी मारली तर लेखक घाईत होता.

५. आवाज

मोबाईल पालथा ठेवून पाच मिनिटं नुसतं ऐका, कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. इथे एक गंमत, मोटू आणि पतलू दोघांनाही सौरव चक्रवर्ती या एकाच कलाकाराने आवाज दिला आहे अन् तरी पोट्टे कधी गोंधळत नाहीत. त्याला म्हणतात काम. आपण बहुतेक मालिका हिंदी डबिंगमध्ये बघतो, तेव्हा आवाज फालतू असला तर त्याचा राग मूळ मालिकेवर काढायचा नाही, दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवा.

उलटंही होतं, आवाज इतका भारी की चित्राचं दुबळेपण झाकलं जातं. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर लागलेलं 'द जंगल बुक' आठवतं ना, जपानच्या निप्पॉन अॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेलं, ५२ भागांचं. हिंदीत शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. वरून मोगलीचं जंगल म्हणजे सिवनीचं, आपल्या नागपूरच्या पेंचला लागूनच, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला ते घरचंच वाटतं. आता ते परत लावून कागद-पेन घेऊन बसा. काही भाग मस्त निघतील, काहींत नुसतं चालणं-पळणं निघेल, आणि ते मान्य करायला जड जाईल. जाऊ द्या जड. बालपणाचे मार्क वेगळे लिहा, मालिकेचे वेगळे.

६. वय

मालिका कोणासाठी आहे ते बघून बोला. 'ब्लूई'चा भाग सातच मिनिटांचा असतो, चार-पाच वर्षांच्या पोरांसाठी, त्यात युद्ध अन् राजकारण शोधू नका.

७. मत सांगायची वेळ

"बकवास" हे मत नाही, "मस्त" हेही नाही. एक प्रसंग उचला, तो कितव्या मिनिटाला आहे ते सांगा, त्याने काय बदललं किंवा काय बदललं नाही ते सांगा, झालं. समोरच्याला पटलं नाही तर तो तोच प्रसंग काढून बघेल आणि भांडण निदान कामाचं होईल. शेवट फोडू नका. दहापैकी मार्क देऊ नका, कारण एकदा का आकडा टाकला की सगळे जण साडेसात का अन् आठ का नाही यावर रात्री उशिरापर्यंत भांडतात, मालिका राहते बाजूला. आणि घरातल्या पोट्ट्याला जी आवडते ती तुमच्या कागदावर नापास झाली म्हणून चॅनल बदलायचा नाही, रिमोट त्याच्याकडेच राहू द्या.