वृद्धाश्रमातल्या मावशी-मामांची आणि व्यवस्थापकाची काळजी: सुरुवात ड्युटी चार्टपासून

कर्मचारी दमलेत की नाही हे कळायला प्रश्नावली वाटावी लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या आजींचा कूस बदलण्याचा तक्ता उघडा. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा अशा सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात मारलेल्या दिसल्या, तर तक्ता भरला गेलाय, कूस बदललेली नाही. अशा वेळी लगेच मेमो काढू नका. त्या मावशीने त्या आठवड्यात किती डबल ड्युट्या केल्या ते आधी मोजा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

योगवर्ग, महिला दिनाची साडी, दिवाळीचा फराळ हे सगळं जरूर करा. पण हात कमी असतील तर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. सुट्टीच्या दिवशी ताणमुक्तीच्या कार्यक्रमाला बोलावलेली बाई मनातल्या मनात शिव्याच घालते. पुढचं सगळं वीस ते पन्नास खाटांचा वृद्धाश्रम किंवा शुश्रूषा केंद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

आधी माणसं मोजा

सर्वात मोठी चूक इथे होते. तीस रहिवासी आहेत, त्यातले दहा-बारा पूर्ण अंथरुणावर, असं धरू. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन माणसं लागतात. म्हणून संस्था नऊ जणांना कामावर ठेवते आणि 'स्टाफ पूर्ण आहे' म्हणते.

आता वर्षाचं गणित करा. एक माणूस ३६५ दिवस येत नाही. ५२ आठवडी सुट्ट्या, ८ किरकोळ रजा, ८ सणांच्या आणि राष्ट्रीय सुट्ट्या, साधारण १४ भरपगारी रजा, आजारपणाचे निदान ४ दिवस, असे ८६ दिवस गेले. उरले २७९. तुम्हाला वर्षाला ९ × ३६५ म्हणजे ३,२८५ ड्युट्या भरायच्या आहेत. भागिले २७९ केलं की ११.८ येतात. म्हणजे बारा माणसं हवीत. नऊ जणांत भागवलं तर वर्षाला ७७४ ड्युट्या उघड्या पडतात, रोज दोनपेक्षा जास्त. त्या कोणीतरी डबल करून, सुट्टी मोडून किंवा व्यवस्थापक स्वतः बाह्या सरसावून भरत असतो. हा तुटवडा अंदाजपत्रकात दिसत नाही, कर्मचाऱ्यांच्या अंगावर मात्र रोज निघतो.

विश्वस्तांच्या बैठकीत हाच हिशेब एका कागदावर मांडा. 'माणसं वाढवा' या मागणीपेक्षा '७७४ ड्युट्या कोण करणार?' हा प्रश्न जास्त चालतो. तीन जण लगेच घेता येत नसतील तर दोन कायम बदली कामगार ठरवून ठेवा. ब्यूरोतून, म्हणजे शुश्रूषेसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीतून, रोज नवा चेहरा मागवू नका. नव्या माणसाला कोणत्या आजोबांना पातळ पाणी दिलं की ठसका लागतो हे माहीत नसतं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याचं काम जुन्या मावशीवर येतं.

चार्ट कसा लावायचा

आठ ते आठ अशी बारा तासांची ड्युटी बऱ्याच ठिकाणी चालते, कारण बस त्या वेळेला मिळते. पण आठवड्याचे सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास. हे कायद्यातही बसत नाही आणि शरीराला तर मुळीच नाही. त्याऐवजी सकाळ ७ ते ३, दुपार १ ते ९, रात्र ९ ते ७ अशी मांडणी करून बघा. दुपारी एक ते तीन दोन्ही पाळ्या हजर असतात. जेवणं आलटून-पालटून होतात, हँडओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला कामाची माहिती देणं, निवांत होतं, आठवड्याची बैठकही याच वेळात बसते. बैठकीसाठी कोणालाही सुट्टीवरून बोलवावं लागत नाही.

रात्र दहा तासांची आहे, म्हणून तीत दीड तासाची ठरवलेली झोप द्या, एका वेळी एकालाच. चोरून खुर्चीत डुलकी घेण्यापेक्षा ठरवून घेतलेली झोप सुरक्षित असते, कारण जागं कोण आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. उठल्यावर पहिली पंधरा मिनिटं औषधं किंवा इन्शुलिन हाताळायचं नाही. तेव्हा डोकं अजून झोपेतच असतं.

सलग चारपेक्षा जास्त रात्री लावू नका. रात्र उतरली की पुढचे दोन दिवस मोकळे. नाइट संपवून तो दिवस 'ऑफ' दाखवणं ही शुद्ध फसवणूक आहे, तो दिवस झोपेतच जातो. दोन ड्युट्यांमध्ये किमान अकरा तास हवेत. बदल करायचाच तर सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने करा. उलट फिरवलं की झोप जास्त बिघडते.

पुढच्या महिन्याचा चार्ट २० तारखेला भिंतीवर लागला पाहिजे. त्याआधी, १५ तारखेपर्यंत, प्रत्येकाने हव्या असलेल्या दोन तारखा लिहून द्यायच्या. गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याचा आठवडा यांचं वाटप वर्षाच्या सुरुवातीलाच करून टाका. यंदा गणपतीला जो थांबला त्याला दिवाळीला आधी सुट्टी, असा नियम लेखी असला की भांडणं निम्मी होतात. तोंडी ठेवला तर सुट्टी व्यवस्थापकाच्या मर्जीतल्या माणसाला मिळते, किंवा तसं सगळ्यांना वाटतं. दोन्हींचा परिणाम सारखाच.

कंबर, खरूज आणि सुई

माणूस उचलण्यासाठी अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगारांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा सुमारे १६ किलो आहे. साठ किलोच्या आजींचा एक पायच नऊ-दहा किलोंचा भरतो. म्हणजे एकट्याने आख्खं माणूस उचलणं हे कामाचं स्वरूपच चुकल्याचं लक्षण आहे, मग मावशी कितीही काटक असो.

पूर्ण अंथरुणावर असलेल्यांच्या खाटा काम करणाऱ्याच्या कमरेइतक्या उंच हव्यात. खाट बुटकी असेल तर पायांखाली खोबण केलेले लाकडी ठोकळे द्या आणि दोन्ही बाजूंना कठडे लावा. स्वतः उतरणाऱ्यांच्या खाटेला हे करू नका, पडतील. वर सरकवण्यासाठी सुती चादर दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत कायम अंथरून ठेवा. दोघांनी दोन बाजूंनी चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळायच्या, गुडघे वाकवायचे, एकीने 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि सरकवायचं, उचलायचं नाही. व्हीलचेअरवर घेताना खुर्ची रहिवाशाच्या धडधाकट बाजूला लावा, ब्रेक लावा आणि पायाच्या पट्ट्या वर करा. काखेत हात घालून उचलणं आणि आजींना स्वतःच्या गळ्यात हात टाकायला लावणं, या दोन सवयी मोडायला महिनाभर जातो. पण त्या मोडाच. पहिलीने आजींचा खांदा निखळतो, दुसरीने मावशीची मान जाते. पदर मध्ये येतो म्हणून साडीवर अंगरखा द्या, आणि न घसरणारी बंद चप्पल संस्थेच्या खर्चाने घ्या.

खरूज हा अशा संस्थांचा जुना पाहुणा आहे. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. त्यामुळे खाजवणाऱ्या तिघांनाच मलम लावलं की महिन्याने पुन्हा सगळं तेच. डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्व रहिवासी, सर्व कर्मचारी आणि कर्मचाऱ्यांच्या घरचे यांना एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिनचं मलम द्यावं लागतं. ते मानेपासून तळपायापर्यंत लावून ८ ते १४ तास ठेवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा लावायचं. वृद्धांमध्ये डोक्याला आणि चेहऱ्यालाही लावायचं का, आणि घरात गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर काय, हे डॉक्टरांना विचारा. कपडे, चादरी गरम पाण्यातून काढायच्या. जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवायचं. मलमाचा खर्च मावशीच्या पगारातून कापला तर ती घरच्यांना लावणार नाही आणि खरूज परत तुमच्याच दारात येईल.

हेपेटायटिस बीची लस सगळ्यांना, सफाईवाल्यांनाही. तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. सुई टोचली तर बोट पिळायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं आणि लगेच सरकारी रुग्णालयात जायचं. एचआयव्हीविरोधी औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पुढे ते २८ दिवस घ्यावं लागतं. कर्मचारी सुई टोचल्याचं लपवतात, कारण 'लक्ष कुठे होतं तुझं?' हा पहिला प्रश्न येतो. तो प्रश्न बंद करा.

मार, शिव्या, जात

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा मारतात, चावतात, थुंकतात. 'ते आजारी आहेत, मनावर घेऊ नकोस' हे खरं असलं तरी तेवढ्याने भागत नाही. एक वही ठेवा आणि फक्त चार रकाने भरा: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, कोण होतं, कशाने शांत झाले. आठवड्याभरात ठरावीक कारण दिसायला लागतं. पहाटे सहाची आंघोळ, तुंबलेलं पोट, लघवीचा जंतुसंसर्ग, न सांगता येणारं दुखणं, यांपैकी काहीतरी निघतं. आंघोळ अकराला नेली आणि दोघी गेल्या एवढ्यानेही फरक पडतो. मार खाल्लेल्या मावशीला त्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत पाठवू नका.

'हिच्या हातचं पाणी नको' हे वाक्य अजूनही ऐकू येतं. त्यावर व्यवस्थापकाने गप्प राहून चार्टमधून त्या मावशीला दुसऱ्या मजल्यावर हलवलं, की संस्थेने आपली बाजू सांगून टाकलेली असते. प्रवेशाच्या वेळीच नातेवाइकांकडून लेखी घ्या की जातीवरून, धर्मावरून कर्मचारी बदलून मिळणार नाही.

अंगचटीला येणारे नातेवाईक किंवा सहकारी यांच्यासाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती कर्मचाऱ्यांच्या खोलीत मराठीत आणि हिंदीत लावा, ऑफिसातल्या फाइलमध्ये नको.

कोणी गेलं की

तीन वर्षं रोज न्हाऊ-माखू घातलेल्या आजी जातात, नातेवाईक तासाभरात त्यांना घेऊन जातात, आणि संध्याकाळी त्याच खाटेवर नवीन नाव येतं. निदान चोवीस तास खाट रिकामी ठेवा. ज्यांना अंत्यदर्शनाला जायचं असेल त्यांतल्या दोघांना ड्युटीतून सोडा. शेवटची तयारी करताना नवीन मुलीला एकटीला ठेवू नका. त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवून 'काय वाटलं ते बोला' असा आग्रहही नको. सक्तीच्या बोलण्याने काहींना जास्त त्रास होतो. चहा द्या, शेजारी बसा, बोलली तर ऐका. 'औषध वेळेवर दिलं होतं का?' ही चौकशी दुसऱ्या दिवशी.

पगार आणि ताट

पगार सात तारखेच्या आत. उचल किती मिळेल, समजा अर्ध्या पगाराइतकी, आणि किती हप्त्यांत फिटेल हे लेखी, बिनव्याजी. हे नसेल तर मावशी सावकाराकडे जाते किंवा रात्री दुसरीकडे ब्यूरोची ड्युटी करून सकाळी तुमच्याकडे येते. जेवण बनवताना कर्मचाऱ्यांची माणसं आधीच धरा: बारा जण, चार-चार पोळ्या, म्हणजे ४८ पोळ्यांची कणीक जास्त. 'आधी रहिवाशांचं होऊ दे, उरलं तर तुमचं' हा अपमान रोजचा असतो आणि तो कुठल्याच तक्रारवहीत येत नाही.

महिन्यातून एकदा प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला, ड्युटीच्या वेळेत. 'काही त्रास नाही ना?' असं विचाराल तर 'नाही' हेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा असं विचारा: कुठल्या कामाने अंग दुखतं? कोणाच्या खोलीत जायला नको वाटतं? घरी असं काही आहे का की ड्युटी बदलून हवी? कोणी झोप उडाल्याचं, जगणं नकोसं झाल्याचं बोललं तर तिला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. सोबत बसून फोन लावून द्या.

व्यवस्थापक

व्यवस्थापकाला सुट्टी का मिळत नाही याची कारणं बहुधा खिशात असतात: औषधांच्या कपाटाची किल्ली, रोख रक्कम आणि सही. किल्लीची दुसरी प्रत इनचार्ज सिस्टरकडे, नोंदवहीसह. रुग्णालयात अनामत भरण्यापुरती ठरावीक रोख सिस्टरच्या ताब्यात. आणि व्यवस्थापक नसताना रुग्णालयात दाखल करण्याचा निर्णय कोण घेणार, याचा विश्वस्तांचा लेखी ठराव.

फोन दोन हवेत. संस्थेचा मोबाइल ड्युटीवरच्या माणसाकडे राहतो, स्वतःचा नंबर नातेवाइकांना द्यायचा नाही. रात्री उठवायचं ते पाचच गोष्टींसाठी: डोक्याला मार लागलेलं पडणं, श्वास लागणं, कोणी बेपत्ता होणं, मृत्यू, आग किंवा मारामारी. ही यादी फोनशेजारी चिकटवा. रात्रीचा पहिला फोन आठवड्याने फिरवा: व्यवस्थापक, सिस्टर, एक विश्वस्त. रात्री उठावं लागलं तर सकाळी उशिरा यायचं, हेही ठरावातच लिहा. परदेशातल्या मुलांना त्यांची सकाळ झाली की रात्री अकराला आईची चौकशी करावीशी वाटते. त्यांच्यासाठी शनिवारी ठरलेली वेळ द्या आणि ती पाळा.

महिन्यातून तासभर व्यवस्थापकाचं ऐकणारं कोणीतरी बाहेरचं हवं, निवृत्त मेट्रन किंवा सामाजिक कार्यकर्ती. पगार ठरवणारा विश्वस्त चालणार नाही, त्याच्यासमोर कोणी 'मला झेपत नाही' म्हणत नाही.

हे सगळं बसलंय की नाही ते तपासायला व्यवस्थापकाला सलग तीन दिवस फोन बंद करून रजेवर पाठवा. त्या तीन दिवसांत सिस्टरने 'हे साहेबांनाच विचारायला हवं' असं वाटलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहून ठेवायचा. परत आल्यावर दोघांनी बसून त्या प्रश्नांची उत्तरं हँडओव्हरच्या फाइलमध्ये उतरवायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची रजा लावायची.