प्रेपची गोळी: चुकवायची नाही, वाजू द्यायची नाही

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या तरुण मुलींना एचआयव्हीचा धोका बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या सरकारी क्लिनिकात प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध, फुकट मिळतं: टेनोफोविर 300 मिग्रॅ आणि एमट्रिसिटाबीन 200 मिग्रॅ, एकाच गोळीत, रोज एक. औषध चोख आहे, घोडं अडतं ते घरात. 'व्हॉइस' या चाचणीत ही गोळी दिलेल्या बायकांच्या रक्ताच्या एक तृतीयांशही नमुन्यांत औषध सापडलं नव्हतं.

सुरू करण्याआधी एचआयव्ही, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतं का ते कळतं) आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. वजन निदान 35 किलो हवं. गेल्या काही आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं काही झालं असेल तर नर्सला आधीच सांगा. अगदी ताजी लागण टेस्टमध्ये दिसत नाही, आणि उपचाराला सहसा तीन औषधं लागतात. दोनच घेत राहिलं तर विषाणू त्यांना दाद देईनासा होतो. असुरक्षित संबंधाला अजून 72 तास झाले नसतील तर आधी 28 दिवस पेप, म्हणजे संबंधानंतर लागण रोखायला घ्यायची औषधं, मग प्रेप.

पहिले 7 दिवस कंडोम हवाच, योनीच्या अस्तरात औषध पुरेसं साठायला तेवढा वेळ जातो. सुरुवातीला मळमळतं, डोकं दुखतं. बऱ्याच जणी इथेच सोडतात, पण काही आठवड्यांत हे आपोआप थांबतं. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी.

आता डबी. मिनिबस टॅक्सीत बॅग हलली की गोळ्या खुळखुळ्यासारख्या वाजतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, ही एआरव्हीवर, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या गोळ्यांवर आहे. कापसाचा बोळा वरून दाबून बसवा, आवाज बंद. ओल शोषणारी पुडी मात्र आतच राहू द्या. बाहेर मुक्काम असेल तर लागतील तेवढ्याच गोळ्या छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत न्या. घरात एकीला, जमलं तर गोगोला, म्हणजे आजीला, विश्वासात घ्या. लपवाछपवीत गोळी हमखास चुकते.

चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नकोत. बरेच दिवस खंड पडला तर टेस्ट आणि पुन्हा 7 दिवस कंडोम. थांबवायचं असेल तर शेवटच्या संबंधानंतर 7 दिवस चालू ठेवा. हिपॅटायटिस बी असेल तर क्लिनिकला विचारल्याशिवाय थांबवू नका, यकृताला सूज येऊ शकते.

पहिली फेरी महिन्याने, मग दर 3 महिन्यांनी टेस्ट. टॅक्सीभाड्याचे पैसे आधीच बाजूला काढा. गर्भ आणि सिफिलिस ही गोळी रोखत नाही.

डबीच नको असेल तर लेनाकॅपाविरच्या इंजेक्शनबद्दल विचारा, ते वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. 2024 मध्ये निकाल आलेल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही.