दहावीचा गणिताचा पेपर वेळेत संपवण्यासाठी

पेपर येत असूनही शेवटचे प्रश्न सोडवायचे राहून जातात, कारण पहिल्या दोन प्रश्नांतच घड्याळ पुढे पळालेले असते. महाराष्ट्र बोर्डाच्या गणित भाग 1 व 2 या पेपरांना प्रत्येकी 40 गुण आणि 2 तास असतात. म्हणून शेवटी 20 मिनिटे राखून, एका गुणाला अडीच मिनिटे धरून प्रत्येक प्रश्न कधी संपायला हवा, हे घरीच ठरवून ठेवावे.

1. पाचही प्रश्नांचे गुण अनुक्रमे 8, 12, 9, 8 आणि 3 असल्याने, अकराला सुरू झालेल्या पेपरात पहिला प्रश्न 11.20 ला, दुसरा 11.50 ला, तिसरा साधारण 12.12 ला, चौथा 12.32 ला आणि पाचवा 12.40 ला संपवावा.

2. वेळ झाली आणि उदाहरण अडले असेल, तर तिथे पाच-सहा ओळी कोऱ्या सोडून निःसंकोच पुढे जावे. हीच गोष्ट हुशार मुलांना सर्वांत जड जाते.

3. उरलेली 20 मिनिटे सोडलेल्या उदाहरणांना द्यावीत. दोन तासांनंतर बोर्डाकडून मिळणारी वाढीव 10 मिनिटे मात्र हिशेबात धरू नयेत. ती चिन्हांच्या चुका आणि एकके तपासण्यासाठीच ठेवावीत.

सराव पेपर सोडवताना काट्यांचे साधे घड्याळ समोर ठेवले, की या वेळा आपोआप पाठ होतात. त्या हॉल तिकिटावर लिहून नेऊ नयेत, कारण त्यावरील कोणताही मजकूर कॉपीचा प्रकार समजला जाऊ शकतो.